लग्न जुळवणाऱ्याच्या घरचे मासे

मित्रांनो, माझ्यात डोकावणारा प्रत्येक जण मासे बघतो, मला कुणी बघत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. काचेचं कामच ते. पण आज जरा माझ्याकडं बघा. मी तीन फुटी फिश टँक. उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. हडकोतल्या एका वधू-वर केंद्राच्या बैठकीत, सोफ्यासमोर माझा मुक्काम असतो. अजूनही पाण्याचा टँक आहे हे मी जरा अभिमानानं सांगतोय, कारण मध्यंतरी माझ्यात शेव भरायचं ठरलं होतं.

माझा जन्म याच शहरातल्या एका काचवाल्याकडं झाला. माझी पुढची काच खरं तर एका सराफाच्या शोकेससाठी कापली होती. माप चुकलं. काचवाला कपाळाला हात लावून बसला, मग चहा प्यायला, आणि म्हणाला, दागिने नाही तर मासे. अशा रीतीनं मी चुकीतून जन्मलो. त्यामुळं कुणाच्याही चुकीकडं मी पुष्कळ समजुतीनं बघतो.

पहिली नोकरी दाताच्या दवाखान्यात मिळाली. समोरच्या बाकावर लोक गाल धरून बसायचे. आत माझे मासे तोंड उघडायचे, मिटायचे. थोड्या वेळानं बाहेरच्यांनाही आतल्या खोलीत तेच करायला बोलवायचे. "किती शांत वाटतं हो इथं," असं पेशंट म्हणायचे. त्यांचा नंबर अजून आलेला नसायचा, एवढंच त्या शांततेचं कारण. डॉक्टरांचं लग्न बद्रीनाथकाकांनी जुळवलं होतं आणि संसार झकास चालला होता. दवाखाना पुण्याला हलवताना डॉक्टरांनी उपकाराची आठवण म्हणून मला काकांच्या बैठकीत आणून ठेवलं. शाल दिली असती तरी चाललं असतं, असं काका म्हणाल्याचं मला आठवतं.

बद्रीनाथकाका म्हणजे या केंद्राचे मालक. त्यांची मुलगी मेघा कॉम्प्युटरवर स्थळांचे फोटो चढवते आणि वडिलांच्या नजरेआड कपाळाला हात लावते. रंग, उंची आणि घराणं, या तीन गोष्टी पाहून काकांनी आयुष्यभर लग्नं जुळवली. माझ्यासाठी मासे आणायला गेले तेव्हाही त्यांनी दुकानाबाहेर चप्पल काढली, आत जाऊन पाण्याचा ग्लास मागितला आणि गोल्डफिशकडं बोट दाखवून विचारलं की यांच्या घरी कोण कोण असतं?

दुकानदार म्हणाला, "सब इधरइच है, काका."

काकांना माहिती समाधानकारक वाटली. गोल्डफिश त्यांनी घेतला, कारण रंग उजळ आणि चेहरा गोल. एंजेल मासा घेतला, कारण उंच, शेलाटा, आणि पदर लांब. टायगर बार्ब नावाचे पट्टेवाले मासे घेतले. ते पोलीस भरतीत सहज निघाले असते असं काकांचं मत पडलं. कुणाचं कुणाशी पटेल, हे त्यांनी विचारलं नाही. एवढी चांगली मंडळी, पटेलच की.

पटलं नाही. पट्टेवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी एंजेलचा पदर कुरतडायला घेतला. गोल्डफिशनं सगळ्यांचं खाणं खाल्लं आणि त्या मानानं घाण केली. त्यात एका रविवारी शेंद्र्याची पाहुणेमंडळी आली. मुलगा-मुलगी लाजत बसली होती, पोहे फिरले होते, आणि माझ्या पोटात मारामारी चालू होती. मुलाची आई पोह्याची बशी हातात धरून बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं काकांना अगदी साधेपणानं विचारलं, "हे बी तुम्हीच जुळवलंय का?"

मंडळी चहा न घेता उठली. एंजेल त्याच आठवड्यात गेला. मेघानं त्याला तुळशीच्या कुंडीत पुरलं आणि दिवसभर वडिलांशी बोलली नाही.

काकांनी यातून धडा घेतला, पण चुकीचा. सगळे परत करून त्यांनी छोट्या, गरीब चेहऱ्याच्या चार-दोन माशांबरोबर ऑस्कर जातीचं एक पिल्लू आणलं. दुकानात ते बोटाएवढं होतं. उंची जरा कमी आहे, पण स्वभाव शांत, असं काका म्हणाले. पुढं किती वाढेल, हे त्यांनी विचारलं नाही. लग्नाच्या मुलांची उंची वाढत नसते ना. ऑस्कर वाढला. तो वाढत गेला तसे बाकीचे कमी होत गेले. काका खूश. "बघ मेघा," म्हणाले, "आता कुणी भांडत नाही." भांडायला कुणी उरलंच नव्हतं. लवकरच लग्न जुळवणाऱ्याच्या बैठकीत एकच गलेलठ्ठ ब्रह्मचारी उरला, आणि तो प्रत्येक होणाऱ्या जोडप्याकडं डोळे वटारून बघायचा. एका मुलानं त्याला बघून अजून विचार करायला वेळ मागितला. शेवटी दुकानदारानं ऑस्करला परत नेलं; त्याच्याकडं चांगली मोठी टाकी होती. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पिशवीत त्याला वळायला जागाच नव्हती.

आता शेवेकडं येतो. शेजारी राजेंद्रचं फरसाणचं दुकान आहे. तो आला, त्यानं मला वितीनं मोजलं आणि म्हणाला, मध्ये दोन फळ्या टाकल्या की तीन जातीची शेव बसेल, आणि पुढची काच तर काय, सोन्याच्या दुकानासारखी आहे. मित्रांनो, मी शेवेला कमी लेखत नाही. पण पाण्याचा जन्म घालवून तेलात राहायचं, या विचारानं माझ्या चारही काचा थंड पडल्या. काकांनी होकार देऊनच टाकला होता. मेघा मध्ये पडली.

"बाबा, तुम्ही रंग पाहिला, उंची पाहिली, खानदान पाहिलं," ती म्हणाली. "पाणी कोणतं लागतं, ते विचारलंच नाही."

"पाण्याला काय विचारायचं? पाणी पाणी असतं."

"मग नळाचं सोडून बोअरचं पिऊन बघा आजपासून."

हडकोत नळाला पाणी येतं त्या दिवशी सण असतो. बाकी दिवस बोअर, आणि बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर बसतो. शेवटी असं ठरलं की बिडकीनची मंडळी येणार त्या रविवारपर्यंत मेघाला मुदत. त्या दिवशी टँकमध्ये काही तमाशा झाला, तर संध्याकाळी राजेंद्र हातगाडी घेऊन येईल.

मेघानं आधी मला धुतलं, खाली वाळू घातली, फिल्टर लावला, एका कोपऱ्यात मॉस, म्हणजे दाट शेवाळ, आणि लांब पानांची झाडं लावली, आणि मासे न घालता कित्येक दिवस तसंच चालू ठेवलं. पाणी मुरायला वेळ लागतो, असं तिचं म्हणणं. त्या काळात आलेले पाहुणे रिकाम्या पाण्याकडं बघून "छान आहेत हो" म्हणायचे. एकानं तर कोणत्या जातीचे आहेत तेही विचारलं.

मग ती दुकानात गेली. तिला निळे निऑन टेट्रा मनापासून आवडले होते, पण त्यांना मऊ, कमी क्षारांचं पाणी लागतं. तिनं त्यांच्याकडं दोनदा बघितलं आणि नाद सोडला. प्रत्येकाचं विचारलं. मोठा किती होईल, दुसऱ्याच्या तोंडात मावेल का, एकटा राहतो की घोळक्यात, वर पोहतो की तळाशी. शेवटी आपल्या जड पाण्यात सुखानं राहणारे मोली आणि प्लॅटी ठरले. एकच अडचण निघाली. या माशांत एका नरामागं दोन-तीन माद्या ठेवाव्या लागतात, नाहीतर नर एकीच्याच मागं लागून तिला दमवतो.

काका ताडकन उभे राहिले. त्यांच्या केंद्रात, पाहुण्यांच्या समोर, एकाला तीन बायका हे जमणार नव्हतं. बराच वाद झाला. तोडगा असा निघाला की फक्त माद्याच आणायच्या. ते तसं महिला वसतिगृह झालं, आणि काकांना ते शोभिवंत वाटलं.

रविवार उजाडला. बिडकीनहून अभय नावाचा मुलगा आणि त्याची आत्या कडूबाई आली. निर्णय आत्याचा असतो, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. यापूर्वी तिनं एक स्थळ पंखा वाजतो म्हणून नाकारलं होतं. मुलगी सायली, सिडकोची. माझ्या पोटात सगळं छान चाललं होतं. कुणी कुणाला चावत नव्हतं. राजेंद्र उगीच दारात उभा राहून आत बघत होता.

काही विचारायचंय का, असं काकांनी सायलीला विचारलं. मुली सहसा मान हलवतात. सायली म्हणाली की ती परीक्षेचा अभ्यास करतेय, लग्नानंतरही करणार आहे, आणि तिला एक खोली लागेल जिथं उगीच कुणी येणार नाही.

अभय चमच्याचा अभ्यास करू लागला. कडूबाईनं पदर सावरला, म्हणजे ती उठणार हे काकांनी ओळखलं.

आणि नेमकी त्याच वेळी माझ्यातली काळी मोली व्यायली.

मोली अंडी घालत नाही मित्रांनो, सरळ पोहती पिल्लं देते. काकांना आधी वाटलं, पाण्यात कचरा आहे. कचरा पोहायला लागला तेव्हा त्यांना घाम फुटला. "सगळ्या माद्याच आणल्या होत्या ना गं?" त्यांनी मेघाला हळूच विचारलं. तिनं सांगितलं की त्या दुकानातून येतानाच पोटुशी असतात. काकांनी डोळे मिटले. केंद्राच्या इतिहासात असं झालं नव्हतं.

त्याहून वाईट पुढं होतं. या माशांना स्वतःची पिल्लंही खाणंच वाटतात. एक प्लॅटी वळली, तिनं एक पिल्लू गिळलं, आणि दुसऱ्यामागं लागली. राजेंद्र एक पाऊल आत आला. कडूबाई उठली, पण दाराकडं न जाता माझ्याकडं आली आणि तिनं काचेला नाक लावलं. ते दुसरं पिल्लू जीव खाऊन पळालं आणि मॉसमध्ये शिरलं. मागोमाग बाकीची शिरली. प्लॅटीनं दोन घिरट्या घातल्या आणि कंटाळून निघून गेली.

कडूबाई बराच वेळ वाकून होती. तिच्या श्वासानं माझ्यावर धुकं धरलं.

"लपायला जागा व्हती," ती म्हणाली, "म्हणून वाचली."

मग ती न वळताच म्हणाली, "अभय, माडीवरचे कांदे खाली घे. ती खोली हिला दिऊ."

सायलीनं विचारलं, "आतून कडी आहे का तिला?"

"नाय. लावून दिऊ."

अभय पहिल्यांदाच हसला. बहुतेक इतके दिवस त्याला त्या कांद्यांतच झोपावं लागत असावं. काकांनी खुर्चीच्या पाठीला रेलून मोठा उसासा सोडला आणि दाराकडं बघून म्हणाले, "राजेंद्र, दुसरी पेटी बघ बाबा."

त्यानं मान हलवली, आणि आलोच आहे तर म्हणून पोह्याची एक बशी संपवून गेला.

तेव्हापासून काका रंगाआधी खोल्या विचारतात. रात्री पंखा लागतो की नाही, घोळक्यात बरं वाटतं की एकटं, हेही विचारतात. लोक बुचकळ्यात पडतात, पण उत्तरं देतात. पिल्लं मोठी झाली. जास्तीची मेघा ओळखीच्यांना देते, आणि देण्याआधी त्यांच्या घरचं पाणी विचारते.

तुम्हालाही एवढंच सांगणं आहे, मित्रांनो. मासा दिसायला सुंदर असेल, तरी तो तुमच्या पाण्यात जगेल का, पुढं मावेल का, शेजाऱ्याला जगू देईल का, हे घरी आणण्याआधी विचारा. आणि टँकमध्ये एक तरी कोपरा असा ठेवा जिथं कुणालाही काही वेळ कुणाच्या नजरेस न पडता बसता येईल. मी आत्ता गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेलो आहे, आणि कित्येक दिवसांनी मला मोकळा श्वास घेता येतोय.