दादांचा नगारा

मित्रांनो, मी राजवाड्याच्या पहारा-पथकाचा जुना नगारा आहे. तांब्याचे पोट आणि जाड कातड्याचे तोंड, असे माझे रूप. राजे सज्जात येऊन मुजरा घेत, तेव्हा माझ्या ठेक्यावर शिपाई पावले टाकत.

पुढे राज्य गेले, राजेही गेले. वाड्यात सरकारी कचेऱ्या थाटल्या. पण गावातल्या काही माणसांनी पथक मोडू दिले नाही. कुणी शिंपी, कुणी पोस्टमन, कुणी गवंडी; दर रविवारी आजोबांचे गणवेश चढवून ते रिकाम्या दरवाज्यापुढे पहारा बदलत.

“राजाच नाही, मग सलाम कुणाला ठोकता?” लोक विचारत.

पथकाचे प्रमुख होते निवृत्त मास्तर. ते म्हणत, “आमच्या आजोबांनी उभं राहून जन्म काढला, त्या जागेला.”

मला वाजवणारे दादा एरवी कुलपे दुरुस्त करत. ते मला शेगडीशी शेकत, तेल चोळत, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत. म्हातारपणी त्यांचे कान गेले. ठेका चुकू लागला, पथक अडखळू लागले, बघे हसू लागले. एका रविवारी मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

“माझ्यामुळं पाय चुकतात ना सगळ्यांचे?” दादांनी विचारले.

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. दादांनी टिपऱ्या त्यांच्या हातात दिल्या. मग चाचरत म्हणाले, “नगारा घरी नेऊ का? नुसता सांभाळीन.”

सरकारी वस्तू ती, कशी देणार? तेव्हापासून पथकातले लोक भोंग्यावर नगाऱ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावू लागले आणि मी कोठीतल्या ओल्या भिंतीशी पडून राहिलो. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

दादा गेले, तेव्हा मात्र पथकाने ठरवले, त्यांना मानवंदना द्यायची ती खऱ्या नगाऱ्याने. मला त्यांच्या अंगणात आणले. मास्तरांनी स्वतः टिपरी उचलली. पहिल्याच घावाला माझे कुजलेले कातडे टर्रकन फाटले. मास्तर तसेच थिजले.

दादांची बायको पुढे आली. “राहू द्या मास्तर,” ती म्हणाली, “ह्यांना तरी कुठं ऐकू येत होतं!” हसायला गेली आणि तिला रडू कोसळले.

पथक माझ्याविना चालले. त्या दिवशी कुणाचेच पाऊल कुणाच्या पावलाशी जुळले नाही.

आता मी काचेच्या कपाटात आहे. ‘हात लावू नये’ अशी पाटी आहे. पण मित्रांनो, तुमच्याकडे असे काही जुने असेल, तर त्याला जरूर हात लावा. पुसा, ऊन दाखवा, वाजवा. आणि ज्याचा त्यावर जीव आहे, त्या माणसापासून ते तोडू नका.