हात वर करणारा लाकडी कुकांग

मी एक जुना लाकडी कुकांग आहे, मित्रांनो. काठीवर नाचवायचा बाहुला. माझ्या कानांचा रंग पोरांच्या बोटांनी पार पुसला आहे आणि त्याचा मला जरा अभिमानच आहे. खरा कुकांग तुम्ही पाहिला नसेल. मांजराच्या पिल्लाएवढा, मोठ्या गोल डोळ्यांचा, रात्री झाडांवर अगदी सावकाश फिरणारा हा प्राणी आमच्या चहाच्या मळ्यांपलीकडे, बांबूच्या बेटांत राहतो.

गावातल्या म्हाताऱ्या बाहुलेवाल्यांनी, अबाह म्हणजे आजोबा सार्जुम यांनी, मला कोरले. पकडलेल्या प्राण्यांना सोडवून बरे करणारे एक केंद्र आमच्या डोंगरावर आहे. तिथल्या तेह रिनरिन या तरुण ताईला शाळाशाळांतून खेळ करायचे होते, कुकांगला रानातच राहू द्या हे मुलांना सांगायचे होते. अबाहांनी बाजारात पिंजऱ्यातले कुकांग पाहिले होते. त्यांना गुदगुल्या केल्या की ते दोन्ही हात वर करतात आणि बघे खूश होतात. म्हणून अबाहांनी माझ्या पाठीत एक दोरी बसवली. लाल नाकाचा विदूषक बाहुला मला गुदगुल्या करी, अबाह दोरी ओढत, माझे हात वर जात आणि मुले हसून लोटपोट होत. किती कौतुक झाले माझे! हसणाऱ्या मुलांकडे पाहताना तेह रिनरिनच्याही काही ध्यानात आले नाही.

मग एका शाळेत खेळ संपल्यावर शेजारी केळ्याची भजी विकणाऱ्या चेउ ओनी, म्हणजे ओनीताई, पक्ष्याचा पिंजरा घेऊन आल्या. आत खरा कुकांग होता.

“तुमच्या लाकडाच्या कुकांगापेक्षा माझी नेंग झकास नाचते,” त्या म्हणाल्या आणि नेंगला गुदगुल्या केल्या. तिचे हात वर गेले. मुले हसली. एक चिमुरडी आईजवळ हट्ट धरून बसली, मलाही असाच एक हवा. तेह रिनरिनचा चेहरा उतरला. ती सांगायला आली होती एक, आणि मी शिकवत होतो भलतेच.

नेंगची अवस्थाही बरी नव्हती. भात, भजी खाऊन आणि दिवसभर उन्हात राहून तिचे केस झडले होते. अशीच राहिली तर ती फार जगणार नव्हती. पण जबरदस्तीने नेली असती, तर गावात कुकांग पाळणाऱ्या बाकीच्या घरांनी आपापले कुकांग लपवले असते.

तेह रिनरिनने अबाहांना दोरी कापायला सांगितले. अबाह रुसले. दोरी गेली तर खेळात उरते काय, लोक शेंगदाणे खाता खाता घोरायला लागतील, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा तिने समजावले, की कुकांगच्या कोपराजवळ विष असते. तो घाबरला की हात वर करून ते चाटतो आणि चावायची तयारी करतो. अबाहांनी मला हातात घेऊन दोरी हळूच ओढून पाहिली.

“दोरी राहू दे,” ते शेवटी म्हणाले. “गोष्ट बदलू.”

पुढचा खेळ चेउ ओनींच्या दुकानासमोर झाला. या वेळी विदूषकाला फुलाफुलांचा एप्रन आणि नवे भलेमोठे नाक होते. त्याने मला गुदगुल्या केल्या, माझे हात वर गेले आणि अबाह माझ्या आवाजात म्हणाले, “हे नाचणं नाही गं बाई. मी भ्यालोय. आता विष चाटणार आणि चावणार.” मी चावलो. विदूषक बोंबलत पळाला. एवढे हसू मला कधीच मिळाले नव्हते, पण या वेळी लोक मला हसत नव्हते.

चेउ ओनीही डोळे पुसत हसत होत्या. “अबाह, हा एप्रन माझा ना? आणि नाकसुद्धा माझंच लावलंय.”

“तुझ्यापेक्षा लहानच आहे, ओनी. तेवढं लाकूड नव्हतं.”

सगळे पुन्हा हसले. मग हळूहळू चेउ ओनींचे हसू ओसरले. त्यांनी तेह रिनरिनला विचारले, “म्हणजे माझी नेंग रोज भीत होती?”

“हो, चेउ.”

“आणि मी गिऱ्हाइकांना हाका मारून मारून दाखवत होते.”

त्या आत गेल्या आणि पिंजरा घेऊन बाहेर आल्या. एकच अट घातली: “सोडताना मला बोलवायचं.”

केंद्रात नेंगला रानातला झाडांचा डिंक आणि किडे खायची सवय लावली. विकणारे बहुतेक कुकांगांचे दात कापून टाकतात, पण तिचे शाबूत होते, म्हणून ती रानात तगणार होती. सोडायच्या संध्याकाळी अबाहांनी मलाही झोळीतून नेले. पेटीचे दार उघडले. नेंग बाहेर आली आणि बांबूवर चढू लागली, इतकी सावकाश की सगळे ताटकळले.

“चल की गं जरा भरभर,” चेउ ओनी कुजबुजल्या. “कढई तशीच टाकून आलेय.”

नेंग पानांआड गेली. चेउ ओनी मान वर करून उभ्याच राहिल्या. नंतर नाक ओढून म्हणाल्या, “वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणजे ठणठणीत आहे.” आणि इतक्या मोकळ्या हसल्या, की अबाहांनी झोळीत हात घालून माझी दोरी ओढली, तेवढाच माझाही जल्लोष.

आता माझी दोरी तुटली आहे. खेळात नवा बाहुला जातो. मी केंद्राच्या खिडकीत बसून शाळेच्या सहलींची वाट पाहतो. मुले आली की मला पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटते. मित्रांनो, एखाद्या मुक्या जिवाकडे पाहून हसू आले, तर जरूर हसा. पण त्याआधी क्षणभर थांबून पाहा, तोही हसतो आहे का?