कानात सांगितलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाळणा आहे. कुहीजवळच्या खेड्यात नत्थू सुताराने मला एका घरासाठी घडवलं. त्या घरातली बरीच लेकरं माझ्यात झोपली, मोठी झाली आणि उतरून गेली. लेकरू उतरलं की माझी रवानगी माळ्यावर, कांद्यांच्या शेजारी. आता मी नागपुरात वाडीला, त्याच घरच्या दीप्तीच्या भाड्याच्या खोलीत, छताच्या हुकाला टांगलेला आहे. रस्त्यावरून ट्रक गेला की माझ्या कड्या वाजतात आणि दीप्ती धावत येऊन बघते, नंदिनी उठली तर नाही ना.

नंदिनी ही तिची दीड वर्षाची लेक. तिचे बाबा, दुर्गेश, नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातली नोकरी सोडून परदेशी गेले आणि तिथेच स्थिरावले. या दोघींना तिकडे कायमचं राहायचा व्हिसा हवा आहे. लेकीचे कागद पूर्ण आहेत; अडलं ते आईचं. दीप्तीच्या जन्मदाखल्यावर तारीख आहे, आईवडिलांची नावं आहेत, पण तिच्या स्वतःच्या नावाची जागा कोरी आहे. नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. नाव मागून टाकू म्हणाले, आणि ते राहूनच गेलं.

व्हिसाचा अर्ज परत आला. नाव घातलेला दाखला आणा, शिवाय जन्म ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्याचं शपथपत्र जोडा, असं कळलं. आईवडील आता नाहीत. उरली एक आत्या, गावची रुखमाबाई. तिच्याकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकलं नव्हतं.

दीप्तीने तिला गाडी करून आणलं, चहा दिला आणि टाइप केलेला मजकूर वाचून दाखवला. बारशाला मुलीचं नाव दीप्ती ठेवलं, असं त्यात होतं.

"खोटं हाय हे," आत्या म्हणाली. "म्या तुह्या कानात यमुना सांगतलं होतं."

"आत्या, शाळेपासून सगळीकडे दीप्तीच आहे ना."

"ते तुह्या बापानं शाळेत लिवलं. मले इचारलं बी नाई. बारशात पाठीवर बुक्के कोनं खाल्ले वं? म्या, का तुह्या मास्तरनं?"

ती खरं सांगत होती. मी तिथेच होतो. ती माझ्यावर वाकली, नाव सांगितलं, आणि बायांनी हसत हसत तिची पाठ बडवली. आनंदाने मार खाऊन ठेवलेलं ते नाव पुढे कोणी हाकेलासुद्धा घेतलं नाही.

"तिकडे कोण विचारतंय गं? फक्त सही कर," दीप्ती म्हणाली.

"आन इचारलं त? देवाच्या नावानं लबाड बोलून राहिली तू. आन मले बी बोलाले लावतं."

दीप्तीने कागद खाली ठेवला. "दुसरं नाव सांगितलं तर ते म्हणतील, ही बाई नेमकी कोणती? आत्या, नंदिनी मोबाइलला पप्पा म्हणते. माणूस समोर आला तर ओळखणार नाही ती."

आत्याने माझी दोरी ओढून नंदिनीला झोका दिला.

"मंग दोनी नावं लिव," ती म्हणाली. "यमुना म्हनून पाळन्यात घातली, दीप्ती म्हनून शाळेत घातली, आन पोरगी एकच हाय. येच्यात लपवाले काय हाय? मी कुठीबी येऊन सांगतो. पर म्या ठेवलेलं नाव खोडून नाई."

दीप्तीने तो कागद फाडला. दुसऱ्या दिवशी नवा मजकूर घेऊन दोघी नोटरीकडे जाऊन आल्या. आत्याने सही केली, म्हणे, अगदी दाबून. दाखल्यात नाव घालायचा अर्जही दिला आहे; तो दाखला मिळाला की दोन्ही कागद व्हिसासाठी पुढे जातील. दोन नावं व्हिसावाल्यांना चालतील का, कोणी छातीठोकपणे सांगत नाही. दीप्तीला झोप नाही. एका हाताने मला झोका देते, दुसऱ्या हाताने मोबाइलवर दाखल्याचा अर्ज कुठवर गेला ते बघत राहते.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपला जन्मदाखला काढायला सांगा. त्यावर तुमचं नाव आहे का, ते स्वतः वाचा. नसेल तर आईबाबांच्या मागे लागा, तुमचं नाव ठेवणारी माणसं अजून बोलती आहेत तोवर. मीही ऐकलं होतं ते नाव, सगळ्यांत जवळून. पण मला सही करता येत नाही.