ले आणि ला

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत इनायतुल्ला खाँ गोधडीत गुंडाळलेले एक चौकोनी बोचके मांडीवर घेऊन बसले होते. खड्डा आला की ते बोचके दोन्ही हातांनी उराशी धरत. मूर्तिजापूर जवळ आले तेव्हा वाहकाला राहवले नाही.

"काका, कोंबडा-बिंबडा तर नाही ना त्यात?"

"नाही. ब्लॉग आहे."

वाहकाने क्षणभर विचार केला. "सांडनार तर नाही?"

"आजवर तरी सांडला नाही," इनायतुल्ला गंभीरपणे म्हणाले, आणि मागच्या बाकावरच्या बाया खुदकन हसल्या.

खोटे ते बोलले नव्हते. गोधडीत एक जुना संगणक होता, आणि 'जुळारी' नावाचा त्यांचा ब्लॉग इसवी सन दोन हजार नऊपासून त्या एकाच यंत्रात नांदत होता. इतरांचे ब्लॉग कुठल्या तरी कंपनीच्या आश्रयाला राहतात. इनायतुल्लांचा ब्लॉग मात्र चपराशीपुऱ्यातील त्यांच्या घरी, शिवणयंत्राशेजारच्या फळीवर, अहोरात्र पंखा घरघरवीत जागा असे. वीज गेली की ब्लॉग गेला आणि वीज आली की ब्लॉग आला, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक होते.

इनायतुल्ला सातवीपर्यंतच शिकले होते. त्यानंतरची सारी विद्या छापखान्यात झाली. एकतीस वर्षे त्यांनी जुळारी म्हणून शिशाचे खिळे जुळवून लग्नपत्रिका, श्रद्धांजल्या आणि सहकारी संस्थांचे अहवाल छापले. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. ते आरशाविना सुलटे वाचण्याची सवय डोळ्यांना जडली, आणि दुसऱ्यांची वाक्ये जुळवता जुळवता शुद्ध, ग्रंथांत शोभेल अशा मराठीची ओढ मनाला जडली. घरी ते उर्दू बोलत, बाजारात वऱ्हाडी. परंतु लिहायला बसले की 'तथापि' आणि 'यद्यपि' यांवाचून त्यांचे पान हलत नसे.

त्यांचा पहिला आणि सर्वांत निष्ठावान वाचक होता दर्यापूरचा भगवंतराव. दोघांची ओळख छापखान्यातली. भगवंतराव स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापायला आला होता आणि खिळे जुळताना पाहत दिवसभर तिथेच बसून राहिला होता. ब्लॉग सुरू झाल्यावर प्रत्येक लेखाखाली त्याचा अभिप्राय येई, तोही ठेठ वऱ्हाडीत. "मले पटलं," "तुले आठवते का," "त्याले काय समजते!" असे चारशेहून अधिक अभिप्राय चौदा वर्षांत जमले.

गेल्या वर्षी भगवंतराव गेला. येत्या शुक्रवारी त्याचे वर्षश्राद्ध होते. त्याच्या मुलीचा, आरतीचा, आठ दिवसांपूर्वी फोन आला होता.

"काका, आईले वाचता येत नाही, तुमाले माहीत हाये. त्या दिवशी बाबानं लिहिलेलं तिले वाचून दाखवू म्हटलं. पन तुमचा ब्लॉग उघडतच नाही. मोबाइल म्हनते ही जागा धोक्याची हाये."

धोक्याची! इनायतुल्लांना तो शब्द लागला. त्यांच्या मुलीने, रुबीनाने, फोनवर कारण उलगडून सांगितले. ब्लॉग चालवणारा प्रोग्रॅम पंधरा वर्षांचा जुना झाला होता आणि आजचे मोबाइल त्याला ओळख देत नव्हते. त्याला नव्या आवृत्तीवर नेणे, म्हणजे अपग्रेड करणे, हाच उपाय होता. रुबीना अकोल्यात संगणकाची शिक्षिका होती. तिने पेन ड्राइव्हवर नक्कल आणायला सांगितले होते. इनायतुल्लांनी यंत्रच आणले.

ताजनापेठेतल्या घरी गोधडी सोडताना तिने कपाळावर हात मारला. "अब्बा, पेन ड्राइव बोली थी मैं! तुम तो पूरा घर उठा लाए."

"नकल में हर्फ गिर जाते, बेटा," ते म्हणाले. नकलेत अक्षरे गळतात, म्हणून मूळ प्रत हातची सोडू नये, हा छापखान्याचा रिवाज होता.

रुबीनाने जुन्या यंत्रातील सारा मजकूर काढून आपल्या नव्या यंत्रात भरला. त्याला अर्धा तास लागला. मग तिने नवा प्रोग्रॅम सुरू केला आणि 'जुळारी' उघडला.

पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला इंग्रजी 'ए', चार शिंगांचे वर्तुळ, मध्येच एक चिमुकला दोनाचा आकडा, पुन्हा तोच 'ए', पुन्हा तेच वर्तुळ. पान खाली सरकवले तरी तीच मुंग्यांची रांग.

"थांबा, पुन्हा काढते," रुबीना म्हणाली आणि जुन्या यंत्राकडे वळली. पण ते यंत्र आता निराळाच आवाज करीत होते. टक्. टक्. टक्. मग तोही थांबला. तिने तीनदा कळ दाबली. पंधरा वर्षे घरघरणारा पंखा हलला नाही.

"बस के हिचकोलों में डिस्क गई, अब्बा."

बोचके उराशी धरणारे आपले दोन्ही हात इनायतुल्ला पाहत राहिले.

"माझ्याकडे दोन हजार सोळाची एक जुनी नक्कल आहे," थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली. "ती टाकू का? तोवरचं सगळं परत येईल. हा कचरा पुसून टाकते."

तोवरचे येईल. म्हणजे त्यानंतरची सात वर्षे जातील. भगवंतरावाला अर्धांगवायू झाल्यावरचे, एकाच बोटाने टिपलेले सारे अभिप्राय त्या सात वर्षांतले होते.

"पुसू नको," ते म्हणाले. "मला भगवंतरावाच्या अभिप्रायांचं शेवटचं पान काढून दे."

तिने काढून दिले. इनायतुल्लांनी चष्मा पुसला आणि पडद्याशी नाक नेऊन बसले. आणि त्या मुंग्यांकडे पाहता पाहता त्यांना भलत्याच गोष्टीची आठवण झाली.

दोन हजार तेरामध्ये पुण्याच्या एका वाचकाने लिहिले होते की, आपली भाषा भारदस्त आहे, परंतु आपल्या पानावरील अभिप्रायांत 'मले' 'तुले' असली अशुद्ध मराठी शोभत नाही. इनायतुल्ला शरमून गेले. प्रोग्रॅममध्ये 'शोधा आणि बदला' अशी सोय होती. त्यांनी तिथे 'ले' लिहिले, शेजारी 'ला' लिहिले आणि कळ दाबली. 'मले'चे 'मला' झाले, 'तुले'चे 'तुला' झाले. ते समाधानाने चहा प्यायला गेले.

तासाभरात दर्यापूरहून फोन आला.

"काहून रे इनायत, माह्या गुरुजीले एकेरीवर काहून आनलं?"

"म्हणजे?"

"मी लिहिलं होतं, गुरुजी शाळेत आले. तुह्या ब्लॉगवर गुरुजी शाळेत आला! न तुह्या लेखाचा तर लाख झाला बाप्पा. वडील वारला! कोन वारला रे, शेजारचा गन्या?"

'ले' हे अक्षर केवळ वऱ्हाडी बोलण्यात नसते, ते 'आले'तही असते आणि 'लेखा'तही, हे त्या उत्साहात इनायतुल्लांच्या ध्यानातच आले नव्हते. उलट दिशेने बदलावे तर मुळात बरोबर असलेले सारे 'ला' बिघडणार. आता एकेक शब्द हाताने सुधारणे एवढाच मार्ग उरला होता. मग चार महिने दर मंगळवारी भगवंतराव दर्यापूरच्या बसने येत गेला. बायकोने, सुभद्रावहिनींनी, बांधून दिलेले ठेचा-भाकरीचे फडके तो शिवणयंत्रावर ठेवी आणि शेजारी बसून म्हणे, "हां, चाल. इथं ले. इथं ला राहू दे. इथं ले. अरे, आपल्या बोलीतलं हाये ते, ठेव ना तसंच, लाजून काहून राहिला?" संपूर्ण आयुष्यात आपण इतके हसलो नाही, असे इनायतुल्लांना त्या मंगळवारांविषयी वाटे. काम संपले तेव्हा दोघांनाही वाईट वाटले होते.

पडद्यावर आता त्यांना तेच दिसत होते. तिरक्या रेघेचा 'ए', शिंगांचे वर्तुळ, चिमुकला दोन. मग पुन्हा 'ए', दोन आडव्या रेघांचा इंग्रजी 'वाय', आणि शेवटी दुहेरी खंजीर. तळटीपेसाठी लागणारा तो दुहेरी खंजीर त्यांनी हजारदा जुळवला होता. सहा चिन्हांचा हाच पुंजका शब्दाच्या अखेरीला येई, मोकळी जागा सुटे, आणि चार शब्दांपुढे पुन्हा येई.

"रुबीना," ते म्हणाले. "हे 'ले' आहे."

"कुठे?"

"हे बघ. हे, हे, आणि हे. शब्दाच्या शेवटी इतक्या वेळा 'ले' लिहिणारा माणूस एकच होता. आणि हा शेवटचा अभिप्राय 'मले'ने सुरू होतो, मला पाठ आहे. म्हणजे ही पहिली तीन चिन्हं 'म' झाली. आता खाली हीच तीन कुठे आहेत ते बघ. 'माही.' हा बघ, इथे 'म' आहे. तिथेही तोच खिळा. बेटा, खिळे हरवलेले नाहीत. सगळे जागच्या जागी आहेत. खिळ्यांच्या पेटीतल्या घरांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या बदलल्यात."

रुबीनाने एकदा पडद्याकडे आणि एकदा अब्बांकडे पाहिले. प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीनच चिन्हे, आणि दर वेळी तीच. अक्षरे शाबूत होती. नवा प्रोग्रॅम ती मराठीऐवजी कुठल्या तरी युरोपी लिपीच्या तक्त्यावरून वाचत होता. ती खुर्चीत सरळ बसली. जुन्या प्रोग्रॅमने मजकुरावर जी खोटी चिठ्ठी लावली होती ती तिने शोधली, नक्कल केली, नकलेचीही नक्कल केली, आणि मगच चिठ्ठी बदलली.

पान पुन्हा उघडले.

'मले आता एकाच बोटानं लिहा लागते. पन शाईच्या वासाचा तुहा लेख वाचला न माही दोन्ही हातं मोकळी झाल्यासारखी वाटली.'

इनायतुल्लांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत राहिले.

शुक्रवारी दुपारी, दर्यापूरच्या घरी पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर, आरतीने फोन लावला. ब्लॉग तिच्या मोबाइलवर विनातक्रार उघडला होता. तिने वाचायला सुरुवात केली होती, पण दोन ओळींवरच ती थांबली होती. "काका, तुमीच वाचा. आईले फोनवर ऐकू येते."

इनायतुल्ला रुबीनाच्या खुर्चीवर ताठ बसले. पडद्यावर पहिल्या वर्षातला एक अभिप्राय होता. त्यांनी घसा साफ केला आणि वाचू लागले.

"मला सुभद्रा म्हणते, त्या कम्प्युटरपाशी बसले की तुम्ही..."

"भाऊ," पलीकडून सुभद्रावहिनींचा आवाज आला. "ते असं नोते बोलत."

"काय चुकलं, वहिनी?"

"मला मला काय करून राहिले? मले म्हना. पुन्यावरून आले का तुमी?"

रुबीना तोंडावर ओढणी धरून हसली. समोर स्पष्ट 'मले' लिहिलेले असताना त्यांच्या जिभेने ते आपसूक 'मला' केले होते. इनायतुल्लांनी बोट पडद्यावर ठेवले आणि छापखान्यात पहिल्या दिवशी वाचले असेल तसे, अक्षर-अक्षर सांभाळून वाचले:

"मले सुभद्रा म्हनते, त्या कम्प्युटरपाशी बसले की तुमी दोघंही लाकरू होता."

ते थबकले. चार महिन्यांच्या मंगळवारांत हा एक 'ला' दोघांच्याही नजरेतून सुटला होता. रुबीनाचा हात दुरुस्तीसाठी पुढे आला. इनायतुल्लांनी तो अलगद बाजूला केला.

पलीकडे सुभद्रावहिनी हसू लागल्या आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला.

"मी लेकरू म्हनलं होतं, भाऊ. हे लाकरू तुमचं दोघायचं." त्यांनी नाक पुसल्याचे ऐकू आले. "वाचा ना पुढं. थांबले कावून?"

इनायतुल्लांनी पान खाली सरकवले आणि पुढचा अभिप्राय वाचायला घेतला. त्याचा पहिला शब्दही 'मले' हाच होता, आणि या वेळी तो त्यांच्या तोंडून तसाच निघाला.