चालेलला विचारलं होतं

आमच्या बेकरीची मालकीण लेकीकडे कायमची राहायला गेली. जाताना सगळ्यांना भट्टीपुढे उभं करून म्हणाली, "आता मालक कोणी नाही आणि मुकादमही कोणी नाही. ज्याचं काम त्यानेच ठरवायचं. फक्त त्याची झळ ज्याला बसेल, त्याला आधी विचारायचं." एवढं बोलून ती गाडीत बसली.

मुकादम म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. सगळी बेकरी त्याला दादाच म्हणते. त्याला काहीही विचारा, पहिला शब्द 'नाही'. खिडकी उघडू का? नाही. पाव जरा लहान करू या का? नाही. घरीही तीच तऱ्हा. लहानपणी मला सायकल शिकायची होती, तेव्हाही नाहीच. मी भट्टी सांभाळते. दिवसभर आगीपुढे उभं राहून माझंही डोकं तापलेलंच असतं, त्यामुळे आमचं दोघांचं रोज वाजायचं.

नव्या कारभारात दादाला कामच उरलं नाही. बिचारा हात मागे बांधून फिरायचा, मैद्याची पोती इकडची तिकडे करायचा, दुसऱ्या दिवशी तिकडची इकडे. त्याला विचारायला कोणी जायचं नाही. सुखासुखी 'नाही' ऐकायची हौस कोणाला असते? एका सकाळी मी ट्रे पुसत होते, तेव्हा तो आला आणि म्हणाला, "छोटे, महिनाअखेरपासून मी येत नाही. गोदामावर राखणदार हवाय. ठरवलंय मी."

"मग जा की," मी म्हटलं. "इथे कोण अडवतंय तुला?"

तो गेला पोत्यांकडे. मला इतका राग आला की त्या दिवशीचे टोस्ट मी कोळसा करून ठेवले.

आता आमच्या पीठ मळणाऱ्याबद्दल सांगते. त्याचं खरं नाव आम्हीही विसरलोय. माणूस सोन्यासारखा, पण कशालाही 'चालेल' म्हणतो, म्हणून नावच चालेल पडलं. नवा नियम आला आणि त्याचा भाव भलताच वाढला. कोणाला काही ठरवायचं असलं की तो चालेलला गाठायचा. नियम पाळल्याचं समाधान, आणि वर मनासारखं उत्तर. मीही काही वेगळी नव्हते.

माझ्या भट्टीच्या तळाच्या विटा हलायला लागल्या होत्या. बुधवारी गवंडी बोलवते, भट्टी गुरुवारी दुपारपर्यंत थंड राहील, असं मी चालेलला सांगितलं. तो म्हणाला, "चालेल." झालं, मी गवंड्याला सांगावा धाडला.

बुधवारी दुपारी गवंडी भट्टीत कमरेपर्यंत शिरला होता आणि अर्ध्या विटा बाहेर पडल्या होत्या. तेवढ्यात गल्ल्यावर बसणाऱ्या बाई, ज्यांना सगळी बेकरी वहिनी म्हणते, हसत हसत आत आल्या. "उद्या सकाळी शाळेच्या खेळांसाठी तीनशे पाव द्यायचेत बरं का. पोरं पळून दमली की खायला." मग त्यांना भट्टीतून बाहेर आलेले गवंड्याचे पाय दिसले आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

"मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"मीपण विचारलं होतं," मी म्हटलं.

आम्ही दोघी चालेलकडे वळलो. त्याने हाताचं पीठ हळूहळू झटकलं. "मला वाटलं, तुम्ही आपसात बोलला असाल," तो म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

आणि मग सवयच ती, सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. तो पोत्यावर बसला होता. त्याच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. मला वाटलं, आता हा सुटला. पण त्याने उघडलेलं तोंड मिटलं आणि गवंड्याला विचारलं, "आज पेटेल का?"

"छे. पेटवलीत तर विटा उडतील."

मग चालेलला विचारलं, "तीनशेचं पीठ संध्याकाळपर्यंत होईल?"

"चालेल."

"चालेल नको. जमेल का ते सांग."

चालेल विचारात पडला. त्याला विचार करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "जमेल," तो म्हणाला, "पण हाताखाली एक माणूस लागेल." त्याच्या तोंडून 'पण' ऐकून वहिनी खालीच बसल्या.

दादाने पायात चपला सरकवल्या आणि तो रस्ता ओलांडून समोरच्या बेकरीकडे निघाला. त्या बेकरीवाल्याशी तो कितीतरी वर्षं बोलला नव्हता. भांडण दुकानाच्या एका पाटीवरून झालेलं. मी दारात उभी राहून बघत होते. दादा त्याच्या पायरीखाली उभा राहिला. हात मागे नव्हते, समोर होते. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण तो काहीतरी मागत होता एवढं इथून दिसत होतं. समोरच्याने त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि मग बाजूला होऊन आत घेतलं.

संध्याकाळी आम्ही ट्रे डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत होतो. परकी भट्टी, तिचा डावा कोपरा जास्त तापणारा, हे कळेपर्यंत माझा एक ट्रे करपला. समोरचा म्हणाला, "तुमच्याकडे असेच करतात का?" दादा खो खो हसला. पाव सकाळी वेळेवर शाळेत पोचले.

गुरुवारी दुपारी मी नव्या विटांवर पहिला जाळ केला. दादा येऊन शेजारी उभा राहिला. तो नुसताच घसा खाकरत होता.

"काय रे?" मी म्हटलं. "शिळा पाव अडकलाय का घशात?"

"ते गोदामाचं," तो म्हणाला. "मी माझं माझंच ठरवलं. झळ तुला बसणार होती आणि तुलाच विचारलं नाही. म्हणून आता विचारतो. जाऊ का?"

उभ्या जन्मात दादाने मला विचारलेली ही पहिली गोष्ट. डोळे भरून आले. धुराचं निमित्त करावं, तर नवी भट्टी धूरही करेना. मी पदराने तोंड पुसलं आणि आमच्या घरात आजवर फक्त त्याचाच असलेला शब्द त्याला ऐकवला.

"नाही."

"बरं," दादा म्हणाला. मग त्याने बाही वर केली आणि पहिला ट्रे उचलून भट्टीत सरकवला. उलट्या बाजूने सरकवला होता. ते मी त्याला लगेच सांगितलं.