पाऊण मिलिमीटर जाडीचे सोने

मित्रांनो, मी एक जुने सोनेरी कार्ड आहे, पण माझ्यात गुंजभरही सोने नाही. प्लॅस्टिकचे पातळ थर एकमेकांवर दाबून मला बनवले, एका विमान कंपनीचे चिन्ह छापले आणि खाली आमच्या बाईंचे नाव घातले. बाई रक्तपेढ्यांमधली यंत्रे दुरुस्त करत. वर्षात चाळीस उड्डाणे करणाऱ्यालाच मी मिळत असे, आणि बाई तर लोक बसने जातात तशा विमानाने जात.

पाकिटात माझ्या शेजारी दुसऱ्या कंपनीचे निळे कार्ड राहत असे. आम्हा दोघांची तुलना करणारा तक्ता बाईंनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. मी उड्डाणे मोजत असे, निळे कार्ड तिकिटाची किंमत मोजत असे. म्हणून जवळचा, स्वस्त प्रवास वारंवार करणाऱ्याचा फायदा माझ्याकडे, तर क्वचित पण महागडा प्रवास करणाऱ्याचा त्याच्याकडे. प्रवासावर मिळणारे त्याचे गुण कधीच बाद होत नसत. माझे दोन वर्षांत संपत. मात्र जादा वीस किलो सामान फक्त माझ्यावर नेता येई, आणि बाईंची अवजारांची पेटीच अठरा किलोंची होती. तक्त्याखाली त्यांनी लिहिले होते, ‘निम्मी उड्डाणे इकडे, निम्मी तिकडे केली, तर दोन्हीकडे अर्धवट.’

माझा थाट काय सांगू! विमानतळावरच्या विश्रामकक्षाचे दार मला पाहून उघडे. एकदा धुक्यामुळे विमान रद्द झाले, तेव्हा पुढच्या विमानाच्या प्रतीक्षायादीत माझ्यामुळे बाईंचे नाव सर्वांत वर गेले. “तू होतंस म्हणून,” असे म्हणून त्यांनी मला रुमालाने पुसले. मी कितीतरी दिवस निळ्या कार्डाशी धड बोलले नाही.

मग एके दिवशी बाईंच्या यजमानांनी कंपनीचे पत्र वाचले.

“अगं, तुझं सोनं उतरतंय. कार्डाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. तू सभासद झालीस त्या तारखेला सुरू होतं. सहा दिवस उरलेत आणि दोन उड्डाणं कमी आहेत.”

बाईंनी तक्ता दोनदा तपासला. “जानेवारी मी नुसतं गृहीत धरलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या.

“शास्त्रज्ञ बाई,” यजमान हसू दाबत म्हणाले, “उद्या उगाच जाऊन ये कुठेतरी. एक जायचं, एक यायचं. झाली दोन.”

“कामाशिवाय? नको.”

पाचव्या दिवशी काम चालून आले. सकाळी दहा वाजता दूरच्या रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांचा फोन आला.

“मॅडम, रक्त फिरवायचं यंत्र सुरू होतंय आणि लगेच थांबतंय. नऊला आठ पिशव्या घेतल्यात. तीनच्या आत फिरवल्या नाहीत, तर प्लेटलेट्स वेगळ्या करता यायच्या नाहीत. वॉर्डात तिघं पेशंट थांबलेत.”

यजमानांनी अवजारांची पेटी दारात आणून ठेवली. “जा. दोन्ही कामं होतील.”

“मी पोहोचेन पाचला,” बाई म्हणाल्या आणि फोन हातात घेऊन खाली बसल्या. दुपारचे विमान गाठायचे, तर तेव्हाच निघायला हवे होते.

“आधी वीज बंद करा. वेग मोजणारा सेन्सर चाकापासून लांब सरकलाय का बघा. मधली फट पाऊण मिलिमीटरची हवी.”

“सरकलाय. पण फट मोजायची पट्टी तुमच्या पेटीत असते, मॅडम.”

बाईंनी मला पाकिटातून काढले आणि जाडी मोजणाऱ्या मायक्रोमीटरमध्ये धरले. शून्य पूर्णांक शहात्तर शतांश मिलिमीटर.

“तुमच्या खिशात एखादं कार्ड आहे?”

“लेकीचं लायब्ररीचं आहे. ते चालेल?”

“चालेल. ही बहुतेक सगळी कार्डं एकाच ठरलेल्या जाडीची असतात. सपाट कडा फटीत धरा, सेन्सर तिला टेकवा, स्क्रू आवळा आणि कार्ड काढून घ्या.”

बराच वेळ फोनवर नुसती खुडबुड ऐकू आली. मग बारीक गुणगुण सुरू झाली. ती चढत गेली आणि एका सुरावर स्थिर झाली.

“मॅडम, थांबलं नाही.”

“पिशव्या घाला,” बाई म्हणाल्या. घड्याळात साडेअकरा वाजले होते. दुपारचे विमान आता त्यांच्याशिवायच उडणार होते.

दुसऱ्या दिवशी माझे सोने उतरले. पण मला वाईट वाटले नाही, मित्रांनो. रांगेत पहिले उभे करण्याची ताकद माझ्यात होती. पण रांग सोडून घरी बसून राहण्याची ताकद बाईंची होती. ती मी जवळून पाहिली. पुढे त्यांनी त्या तंत्रज्ञांसारखे कितीतरी जण तयार केले, आणि त्यांचे स्वतःचे प्रवास कमी होत गेले.

आता मी त्यांच्या अवजारांच्या पेटीत राहते. माझ्या पाठीवर शाईने ‘०.७६’ लिहिले आहे. एवढीच विनंती करते, जुनी कार्डे वाकवू नका, त्यांच्या कडा खरवडू नका. आणि हो, निळे कार्डही बरोबर माझ्याएवढेच जाड आहे. बाईंनी माझ्यासमोरच मोजले.