शिंगवाल्याची पाटी

मी एक जुना राउटर आहे. मित्रांनो, माझा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे, एक अँटेना दोऱ्याने बांधलेली आहे आणि दिवे कायमचे विझले आहेत. तरी या घरातला सगळ्यात महत्त्वाचा निरोप मीच पोचवला, हे मी ताठ मानेने सांगतो. मला मान नाही, पण म्हणायची पद्धत आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकताना कुणी माझ्या पोटात सर्किट बसवलं, कुणी झाकण दाबलं, आणि शेवटी माझ्यात लिनक्स नावाची छोटीशी प्रणाली भरली. तीच माझी बुद्धी. पहिल्या मालकांनी मला थोडे दिवस वापरलं, नव्याचे नऊ दिवस संपले आणि मी एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात खोक्यात येऊन पडलो. तिथे कामाला असलेल्या एका मुलीने मला उचललं.

"दादा, हा घेऊ का घरी?" तिने दुकानाच्या मालकांना विचारलं.

"तो? अगं, तो भंगारात चाललाय. ने खुशाल."

"ह्याच्यात अजून जीव आहे," ती म्हणाली. माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.

घरी तिची आई होती. आईला जन्मापासून ऐकू येत नाही. आईच्या धाकट्या बहिणीलाही, म्हणजे मावशीलाही, येत नाही. दोघी हातांनी बोलतात. मावशी लग्नानंतर फार दूर गेली, आणि फोनचा या दोघींना उपयोग तो काय? मोबाईलवर चित्र यायचं, पण घराच्या भिंती जाड, समोर टेकडी; मावशीचे हात वाक्याच्या मध्येच थिजायचे. अर्धं वाक्य हवेत आणि पुढचं कधीच नाही. माझी नेमणूक झाली ती यासाठी.

लेकीने मला कपाटावर बसवलं, वायरने लॅपटॉप जोडला आणि माझं सेटिंगचं पान उघडलं. इंटरनेट कंपनीने दिलेलं नाव, परवलीचा शब्द, बिनतारी जाळ्याचं, म्हणजे वायफायचं, नाव 'घर', त्याचा वेगळा परवलीचा शब्द, घड्याळाची वेळ. आई शेजारी बसून लेकीच्या बोटांकडे टक लावून बघत होती. दोन अँटेना पाहून तिने दोन बोटं कपाळाला लावली. लेक खो खो हसली. ती खुणा करतानाही तोंडाने बोलायची, म्हणून मला कळलं. "शिंगवाला! आई, बिचाऱ्याला नाव ठेवलंस की नावं ठेवलीस?"

या घरात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. लेकीचं नाव गालावरची खळी, मावशीचं नाव वेणीचा शेपटा. मला शिंगं मिळाली आणि मी घरातला झालो.

पुढची वर्षं सुखाची गेली. रोज संध्याकाळी मावशी पडद्यावर यायची आणि आईचे हात सुरू व्हायचे. ते इतके भरभर चालायचे की बाजूचा चहा हमखास सांडायचा. त्या काय बोलायच्या ते मला ठाऊक नाही. हमाल पेटी वाहतो, उघडून बघत नाही. आईचे हात आणि पडदा तेवढा मला वरून दिसायचा.

मग मावशीच्या हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन अवघड होतं, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, तिला आत नेण्याआधी, दोघी बहिणी बोलणार होत्या.

चित्र जराही अडखळू नये म्हणून लेकीने आदल्या संध्याकाळी माझ्यात नवी प्रणाली भरली आणि सगळ्या सेटिंग पहिल्यापासून केल्या. इथे तुम्हाला माझा स्वभाव सांगायला हवा. माझ्या पानावर दोन बटणं आहेत. 'लागू करा' दाबलं की मी ऐकतो, पण ते पाटीवर लिहिल्यासारखं. वीज गेली की पुसलं जातं. 'जतन करा' दाबलं तर मात्र ती काळ्या दगडावरची रेघ. लेकीने 'लागू करा' दाबलं आणि तपासायला म्हणून मावशीला कॉल लावला. चित्र असं लख्ख आलं की मावशीच्या कानातले खडेही चमकताना दिसले. तिघी बोलण्यात रमल्या, आणि दुसरं बटण राहून गेलं. इतरांचे राउटर रोज लावून देणारी पोर, पण आनंदात विसरली.

सकाळी लेक कामावर गेली आणि वीज गेली. थोड्या वेळाने आली, पण मी कोरा होतो. 'घर' हे नावही मला आठवेना.

आई टॅबलेट घेऊन बसली होती. पडदा रिकामा. तिने मोबाईलवरून लेकीला संदेश पाठवला. उत्तर आलं, ते वाचताना तिचे ओठ हलले: "कशाला हात लावू नकोस. मी निघालेय."

पण रस्ता लांबचा होता आणि मावशीची वेळ ठरलेली होती. आईने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ती उठली, वायर शोधली आणि लॅपटॉपला जोडली. तिने माझं पान उघडलं. तिची बोटं कळांवर चुकत नव्हती. कंपनीचं नाव, परवलीचे शब्द, सगळं बरोबर. परवलीचा शब्द कुणासमोर टाइप करू नये म्हणतात. या बाईसमोर तर मुळीच करू नये. जन्मभर जिने माणसांची बोटं वाचली, तिला लेकीची बोटं पाठ नसतील का? शेवटी तिने नाव लिहिलं, 'घर'. 'लागू करा' दाबलं. जरा थांबली. मग 'जतन करा'ही दाबलं.

मावशी आली. अंगात रुग्णालयाचा झगा, वेणी सोडलेली. आई रडत होती, हात मात्र स्पष्ट होते. मध्येच तिने दोन बोटं कपाळाला लावली, म्हणजे माझी गोष्ट सांगत होती. मग पडद्याकडे बघून ती हसली, उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीवर हलकेच थोपटलं. मावशीनेच पडद्यावरून हवेत थोपटून तसं करायला सांगितलं होतं.

लेक धापा टाकत आली तेव्हा पडदा नुकताच मिटला होता. "आई, बोललीस? बोललीस ना गं?" आईने मान हलवली.

मावशी ऑपरेशनमधून उठली नाही.

पुढे एक दिवस माझे दिवे विझले ते पुन्हा लागलेच नाहीत. नवा राउटर बसवायला आलेला तंत्रज्ञ म्हणाला, "हा कशाला ठेवलाय अजून? द्या, जाताना टाकून देतो."

"आईला विचारा," लेक म्हणाली.

त्याने आईकडे पाहिलं. आईने मला उचलून छातीशी धरलं होतं. तो नव्या राउटरच्या वायरकडे वळला.

आता मी मावशीच्या फोटोशेजारी असतो. मित्रांनो, यंत्र जुनं झालं म्हणून लगेच फेकू नका, धूळ पुसा, आणि बदल केलात की जतन करायला विसरू नका. आपल्या माणसांशी बोलायचं असेल तर तेही वीज असेतो बोलून घ्या. मला आता वीज लागत नाही. पण माझ्या पोटात, जिथे पुसलं जात नाही तिथे, एक शब्द आईच्या हातचा आहे: 'घर'.